आधी ओळखपत्र दाखव, मग गोष्ट सांग

ऑगस्ट २०२० संपता संपता बेकी अल्बर्टाली या अमेरिकन लेखिकेने एक मोठं टिपण लिहिलं आणि त्यात सांगून टाकलं की मी बायसेक्शुअल आहे, म्हणजे पुरुष आणि बायका दोघांबद्दलही आकर्षण वाटणारी. लग्न झालेली बाई, नवरा, दोन मुलगे, पुस्तकं भरपूर खपणारी. पण त्या टिपणात सुटल्याचा आनंद कुठेच नव्हता. उलट तिने स्पष्टच लिहिलं होतं की हे मला असं आणि आत्ता सांगायचं नव्हतं, यात काही छान वाटत नाहीये, सुरक्षित तर नाहीच नाही. मग सांगितलं कशाला? तर कितीतरी दिवस लोक तिला विचारत होते, विचारत कसले, टोचतच होते, की तू नवऱ्या-मुलांची बाई, तुला गे मुलांच्या गोष्टी लिहायचा काय अधिकार, दुसऱ्यांच्या जगण्यावर पैसे कमावतेस. शेवटी सहन होईना म्हणून सांगितलं.

हे वाचल्यापासून मला सलतंय. कारण जे तिच्या वाट्याला आलं ते तिने स्वतःच पाच वर्षं आधी लिहून ठेवलं होतं, आपल्या पहिल्याच कादंबरीत.

कादंबरीचं नाव 'सायमन व्हर्सेस द होमो सेपियन्स अजेंडा', साल २०१५. टीनएजर मुलांसाठी लिहिलेली. सायमन सोळा वर्षांचा, अमेरिकेत जॉर्जिया राज्यात अटलांटाच्या बाहेर एका उपनगरातल्या हायस्कुलात शिकतो. आपण गे आहोत हे त्याला नीट माहितीये, घरचे वाईट नाहीत, मित्रही चांगले आहेत, पण अजून कुणाला सांगितलेलं नाही. फक्त एका मुलाला माहितीये आणि तो कोण हे सायमनला माहीत नाही, आपल्याच शाळेतला आहे एवढंच, टोपणनाव ब्लू. दोघं एकमेकांना ईमेल लिहितात, खूप लिहितात, बिस्किटांपासून देवापर्यंत सगळ्यावर, आणि लिहिता लिहिता प्रेमात पडतात. एक दिवस सायमन शाळेच्या लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर मेल उघडाच ठेवून उठतो. त्याच्या मागून तिथे मार्टिन नावाचा मुलगा बसतो आणि स्क्रीनशॉट काढून ठेवतो. मार्टिनला सायमनची मैत्रीण ॲबी आवडत असते, तर माझं तिच्याशी जुळवून दे, नाहीतर हे स्क्रीनशॉट आहेतच.

आणि हे सगळं चालू असताना शाळेत नाटकाच्या तालमी चालू आहेत. 'ऑलिव्हर!' हे संगीत नाटक बसतंय. ॲबी त्यात आहे, सायमन पोरांच्या घोळक्यातला एक आहे, आणि मार्टिन आहे फेगिन, म्हणजे रस्त्यावरच्या पोरांना खिसे कापायला शिकवणारा म्हातारा. मला ही योजना फार आवडते. ज्याने सायमनचं सगळ्यात खाजगी चोरलंय तोच स्टेजवर चोरांचा म्हातारा, आणि सायमनला रोज संध्याकाळी त्याच्या टोळीत उभं राहून गाणी म्हणायची आहेत, हसऱ्या चेहऱ्याने. तालीम म्हटली की पळून जाता येत नाही. ज्याचं तोंड बघायची इच्छा नाही त्याच्याच डोळ्यात बघून वाक्यं घ्यावी लागतात. ज्यांनी कधी शाळा-कॉलेजात नाटक केलंय त्यांना हे लगेच कळेल.

नाताळच्या सुट्टीत मार्टिन ते जाहीर करूनच टाकतो, शाळेतल्या गावगप्पांचं एक टम्बलर, म्हणजे ब्लॉगसारखं पान असतं त्याच्यावर. नंतर तो माफी मागायला येतो आणि हल्ली गे असण्याचं कुणाला एवढं काय वाटतं असा सूर लावतो, तेव्हा सायमन जे सुनावतो ते या पुस्तकाचं काळीज आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की वाईट झालं का चांगलं झालं हा प्रश्नच नाही, कधी सांगायचं, कुणाला, कुठे, कोणत्या शब्दांत, हे ठरवणं माझं होतं आणि ते तू घेतलंस.

कादंबरी म्हणून ती थोर आहे असं मी म्हणणार नाही. घर सुखवस्तू आहे, आईबाप समजूतदार आहेत, शेवट जत्रेतल्या फिरत्या खेळण्यात गोड होतो, आणि मार्टिनला जरा स्वस्तात सोडलंय असं मला प्रत्येक वेळी वाचताना वाटतं. पण चोरी नेमकी कशाची झाली हे तिला बरोबर कळलंय. मार्टिनने 'ठरवणं' चोरलं. गुपित तर सायमन आज ना उद्या सांगणारच होता.

मग २०१८ मध्ये त्याच्यावर 'लव्ह, सायमन' सिनेमा आला, हॉलिवूडच्या बड्या स्टुडिओने काढलेली गे टीनएजरची पहिली लव्हस्टोरी म्हणून त्याचं कौतुक झालं (सिनेमात नाटक बदलून 'कॅबरे' केलंय, का ते मला अजून पटलेलं नाही, फेगिनची गंमत गेली ना). त्याच वर्षी सायमनच्या गोष्टीची पुढची कादंबरी आली, त्याच्या बायसेक्शुअल मैत्रिणीची. आणि तिथून उलटतपासणी जोरात सुरू झाली. जी बाई जगाला सांगत होती की दुसऱ्याला असं उघडं पाडू नका, तिलाच तिच्या वाचकांनी उघडं पाडलं. मार्टिन कादंबरीतून बाहेर आला आणि यावेळी तो एकटा नव्हता, आणि वाईट म्हणजे तो स्वतःला न्यायाच्या बाजूचा समजत होता.

आता समोरची बाजू नीट मांडते, कारण ती फालतू नाही. २०१५ मध्येच कोरिन डायविस या डच लेखिकेने 'ओन व्हॉइसेस' असा हॅशटॅग सुरू केला. मागणी साधी होती. ज्या समूहाची गोष्ट आहे त्याच समूहातल्या लेखकाने लिहिलेली पुस्तकं वाचकांना सापडावीत. कारण वर्षानुवर्षं काय चाललं होतं, तर अपंगांवर धडधाकट लोक लिहिणार, काळ्यांवर गोरे लिहिणार, समलिंगींवर इतर लिहिणार, आणि त्या लेखकांना ॲडव्हान्स मिळणार, बक्षिसं मिळणार, आणि ज्याच्या घरातलं हे सगळं आहे त्याचं हस्तलिखित 'मार्केट नाही' म्हणून परत. हा राग खरा आहे. मी त्या रागाच्या बाजूची आहे.

आपल्याला मराठीत तर हे कुणी शिकवायलाच नको. दलित साहित्याने हाच प्रश्न विचारला आणि आख्खी मराठी हलवली. सहानुभूतीने लिहिलेलं वेगळं आणि सोसून लिहिलेलं वेगळं, हे वाक्य मराठीच्या वर्गात बसलेल्या प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेलंय. १९७८ ला दया पवारांचं 'बलुतं' आलं तेव्हा पांढरपेशा वाचकाला पहिल्यांदा कळलं की आपण गावकुसाबाहेरच्या माणसांवर इतकी वर्षं जे वाचत होतो ते किती लांबून बघून लिहिलेलं होतं. तेव्हा स्वानुभवाचा आग्रह धरणाऱ्याला मी कोण चूक म्हणणार.

सुरुवातीला मी असा विचार करत होते की जातीचं आणि लैंगिकतेचं गणितच वेगळं, जात आडनावावरून कळते, गावात तर लपतच नाही, आणि हे मात्र लपवता येतं, म्हणून एकाचा नियम दुसऱ्याला लागू नाही. पण मग बाबुराव बागूल आठवले. 'जेव्हा मी जात चोरली होती', १९६३. बघा ना, दलित साहित्यातला हा एवढा मोठा कथासंग्रह आणि त्याच्या नावाची कथाच मुळी लपवण्याबद्दल आहे. रेल्वेत नोकरीला लागलेला तरुण परगावी खोली मिळावी म्हणून जात सांगत नाही, आणि कळल्यावर त्याला बेदम मारतात. त्या कथेत तो खोटारडा आहे असं आपल्याला एका क्षणालाही वाटत नाही. चोरी त्याने केलेली नाही, ज्यांनी त्याला चोरायला लावलं त्यांची लाज वाटते. बागुलांनी हे दाखवून ठेवलंय की न सांगणं हा भित्रेपणा नसतो, ते अंगावरचं एकुलतं एक पांघरूण असतं, आणि ते कुणी ओढायचं नसतं. शेजाऱ्याने नाही, मित्राने नाही, आणि चळवळीच्या नावाने तर अजिबातच नाही.

म्हणजे दलित साहित्याकडून शिकायचं तर दोन्ही गोष्टी शिकायला लागतील. ज्याचं दुःख त्याला बोलू द्या, ही एक. आणि ज्याला अजून बोलायचं नाही त्याची झडती घेऊ नका, ही दुसरी. 'ओन व्हॉइसेस'वाले पहिली शिकले आणि दुसरी विसरले.

कारण झालं काय, वाचकाला पुस्तक सापडावं म्हणून काढलेली खूण हळूहळू लेखकाच्या कपाळावर तपासायची खूण झाली. आपल्याकडे जात पडताळणी समिती असते, तिथे कागद दाखवावे लागतात, ते ठीक आहे, तिथे राखीव जागा आहे आणि ती दुसऱ्या कुणी लाटू नये म्हणून पडताळणी लागते. पण गोष्टीला कसली आलीय राखीव जागा? मी लिहिली म्हणून तुझी लिहायची राहिली असं होत नाही. जागा कमी असेल तर ती प्रकाशकाच्या यादीत आहे, तिथे जाऊन भांडा ना, संपादक कोण आहेत, पैसे कुणाला देतात, कुणाची हस्तलिखितं परत पाठवतात, हे विचारा. ते अवघड असतं म्हणून एकट्या लेखिकेच्या बेडरूमची चौकशी करायची हे सोपं पडतं. 'वी नीड डायव्हर्स बुक्स' ही तिकडची मोठी संस्था, तिने जून २०२१ मध्ये हा शब्दच वापरायचा बंद केला, आणि लेखकांना अडचणीत, कधी धोक्यात टाकलं जातंय हे एक कारण म्हणून सांगितलं. चांगलं केलं. उशिरा केलं.

अल्बर्टालीच्या बाबतीतली मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. पहिलं पुस्तक लिहिलं तेव्हा तिला स्वतःलाच हे कळलेलं नव्हतं. ती मुलाखतींतून मी स्ट्रेट आहे असंच सांगायची आणि ती खोटं बोलत नव्हती, तिला तसंच वाटत होतं. ती आधी मुलांची सायकॉलॉजिस्ट होती, अशा मुलांबरोबर काम केलेलं होतं, त्यातून लिहायला घेतलं. आणि लिहिता लिहिता, सायमन लिहून, मग पुढची मुलगी लिहून, तिला स्वतःबद्दल काहीतरी उमगत गेलं. म्हणजे भूमिका आधी मिळाली, ओळख नंतर पटली.

आता हे नाटकवाल्यांना सांगायलाच नको. तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' घ्या. १९८१ ला रंगमंचावर आलं, विनय आपटेंनी बसवलं, मित्रा झाल्या होत्या रोहिणी हट्टंगडी. चाळीसच्या दशकातलं कॉलेज, सुमित्रा देव म्हणजे मित्रा, आणि गोष्ट सांगणारा तिचा मित्र बापू. कॉलेजच्या नाटकात मित्राला पुरुषाचं काम मिळतं, समोर नमा नावाची मुलगी, आणि त्या नाटकातून मित्राचं नमावरचं प्रेम उभं राहतं. पुढे मित्राने नमाला लिहिलेलं पत्र दळवी नावाच्या मुलाच्या हाती लागतं आणि ते पत्र हत्यार होतं. तिकडे सायमनचे ईमेल, इकडे मित्राचं पत्र. तिकडे 'ऑलिव्हर!'ची तालीम, इकडे कॉलेजचं नाटक. मधे चौतीस वर्षं आणि दोन खंड. फरक एवढाच आणि तो भयंकर आहे, की सायमन जत्रेतल्या फिरत्या खेळण्यात बसतो आणि मित्रा जीव देते.

मी दोन्ही वाचल्यावर बराच वेळ नुसती बसले होते. दोन लेखकांनी एकमेकांचा पत्ता नसताना असल्या प्रेमाची गोष्ट नाटकाच्या तालमीतच का ठेवली असेल? मला वाटतं कारण तालमीची खोली ही एकच जागा अशी आहे जिथे 'हे तू खरं बोलतोयस का' असं विचारायचं नसतं. घरात विचारतात, वर्गात विचारतात, कट्ट्यावर तर विचारतातच. स्टेजवर मात्र एखादी मुलगी पुरुषाचे कपडे घालून दुसऱ्या मुलीचा हात हातात घेऊन प्रेमाचं वाक्य म्हणते आणि सगळे म्हणतात आवाज अजून वर लाव, मागच्या रांगेला ऐकू येत नाहीये. बस्स. त्या सवलतीत काही मुलांना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकू येतो. कादंबरीतही तेच होतं, लेखक पात्राच्या तोंडून बोलतो आणि मधेच कधीतरी त्याला कळतं की हे बोलणं आपलंच आहे, किंवा कळतं की आपलं नाहीये, तेही ठीक. लेखकाला आधी पुरावा आण म्हणणं म्हणजे प्रयोग चालू असताना विंगेतून घुसून नटाचा विग उपटण्यासारखं आहे.

आणि तेंडुलकरांना आज आपण काय विचारणार? तुम्ही पुरुष, बायका-बायकांच्या प्रेमावर लिहायचा तुम्हाला काय अधिकार? नाटकावर टीका करायला भरपूर जागा आहे, मित्राला मारलं कशाला हा प्रश्न मी स्वतः कितीदा विचारलाय, प्रेमात पडलेली बाई शेवटी मेलीच पाहिजे का. पण हा प्रश्न नाटकाला विचारता येतो, संहिता उघडून, वाक्यावर बोट ठेवून. त्याच्यासाठी तेंडुलकरांचं खाजगी आयुष्य उकरायची गरज पडत नाही. आणि १९८१ मध्ये हे नाटक लिहायच्या आधी कुणीतरी पुढे येऊन मी तशी आहे असं जाहीर करायला हवं होतं, तरच नाटक चालवून घेतलं असतं, असा नियम असता तर ते झालंच नसतं.

माझ्या शाळेतली एक गोष्ट सांगते. नववीत होते, गॅदरिंगला नाटक होतं आणि मी प्रॉम्प्टिंगला होते. नाटकात एक मुलगा होता, काम छान करायचा, पाठांतर पक्कं, मला कधी त्याला शब्द द्यावाच लागायचा नाही. ग्रँड रिहर्सलच्या दिवशी रंगभूषेच्या खोलीत त्याची वही कुणाला तरी सापडली. त्यात कविता होत्या, नाटकातल्याच दुसऱ्या एका मुलावर. ज्याला सापडली त्याने बाकावर उभं राहून त्या मोठ्याने वाचल्या. पोरं हसली. एवढ्यात नाटक बसवणारे सर आले, त्यांनी वही हातात घेतली, दोन पानं वाचली, मला वाटलं आता वाचणाऱ्याला फटका बसणार. तर सरांनी त्या मुलाला सगळ्यांसमोर विचारलं, "हे खरं आहे का रे?"

तो काहीच बोलला नाही. बराच वेळ. त्याचं वाक्य अडलं होतं आणि प्रॉम्प्टर मी होते, संहिता मांडीवर घेऊन बसलेली. मी म्हणू शकले असते की सर, कविता आहे ती, कवितेत खरं-खोटं काय. किंवा नुसतं म्हणायचं होतं की सर, वही त्याची आहे, त्याला परत द्या. मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी तो आला नाही, त्याचं काम ऐनवेळी दुसऱ्याने केलं, आणि त्याला मी पानभर शब्द दिले.

वाचणारा पोरगा दुष्ट होता हे तेव्हाही कळत होतं. सर दुष्ट नव्हते हे कळायला वेळ लागला, आणि त्याहून वेळ हे कळायला लागला की घाव त्यांच्याच प्रश्नाने बसला. हसण्याकडे दुर्लक्ष करता आलं असतं. प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं. हो म्हटलं तर संपलं, नाही म्हटलं तर स्वतःच्या कविता खोट्या पाडल्या. गप्प राहिलं तरी लोक ते हो समजतात.

आता इथे कुणाला वाटेल की मग तू कोण, तुला यात एवढं का पडलंय. मी सांगणार नाही. मला सांगायची भीती आहे असं नाही आणि नाही असंही नाही, पण या लेखातला एकही मुद्दा माझ्या उत्तराने खरा किंवा खोटा होणार नाही, तर ते उत्तर इथे कशाला हवं.

अल्बर्टालीच्या नंतर दोन वर्षांनी हेच एका पोराबरोबर झालं. 'हार्टस्टॉपर' ही मालिका, ॲलिस ओसमनच्या कॉमिकवरून केलेली, एप्रिल २०२२ ला आली. शाळेतल्या दोन मुलांची प्रेमकथा. त्यातल्या निकचं काम करणारा किट कॉनर, अठरा वर्षांचा. एका नटीबरोबर हात धरून चालताना दिसला, झालं, याने आम्हाला फसवलं, हा गे नाहीचे, मग गे मुलाचं काम घेऊन भाव कसा खातो. पोरगा ट्विटर सोडून गेला. ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी परत आला आणि लिहिलं की मी बाय आहे, अठरा वर्षांच्या मुलाला आउट व्हायला भाग पाडल्याबद्दल अभिनंदन, मालिकेचा मुद्दाच तुमच्यातल्या काहींना कळला नाही असं वाटतं. ज्या मालिकेत आख्खा वेळ निकला स्वतःचं स्वतः कळू द्या असं चाललंय, ती बघून रडलेल्या लोकांनीच हे केलं. मला हे क्रूर वाटतं. चांगल्या हेतूने केलं म्हणून मी त्याला दुसरा शब्द वापरणार नाही.

आणि हे अमेरिका-इंग्लंडचं काहीतरी आहे, आपल्याकडे अजून तिथवर पोचलोच नाही, असं कुणी म्हणेल तर डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस आठवून बघा. अलिगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवणारे प्राध्यापक, मराठीतले कवी. फेब्रुवारी २०१० मध्ये त्यांच्या राहत्या घरात कॅमेरे घेऊन माणसं घुसली, त्यांना दुसऱ्या पुरुषाबरोबर चित्रित केलं, आणि विद्यापीठाने निलंबित कोणाला केलं तर सिरसांना. तेव्हा दिल्ली हायकोर्टाचा २००९ चा निकाल येऊन गेला होता, म्हणजे कायद्यानेही तो गुन्हा उरलेला नव्हता. ते अलाहाबाद हायकोर्टात गेले, एक एप्रिलला निकाल त्यांच्या बाजूने लागला, आणि आठवडाभरातच ते घरात मृतावस्थेत सापडले. त्यांच्यावर 'अलीगढ' हा हिंदी सिनेमा झाला, २०१६ मध्ये. मराठीत त्या मानाने किती कमी बोललो आपण, आपल्या भाषेचा मास्तर, आपल्या भाषेचा कवी.

ट्विटरवर टोमणे मारणं आणि घरात कॅमेरा घेऊन घुसणं एकच आहे असं मी म्हणत नाहीये, अजिबात नाही. पण दोन्हीकडे एक समजूत सारखी आहे, की याच्याबद्दल कळण्याचा आम्हाला हक्क आहे.

तो नाही. आणि आपल्या देशात तर हे सर्वोच्च न्यायालयाने फार नेमकं सांगून ठेवलंय. सगळ्यांना ६ सप्टेंबर २०१८ माहितीये, कलम ३७७ चा निकाल, रंगीबेरंगी झेंडे, पेपरात फोटो. पण त्याच्या वर्षभर आधी, २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात प्रायव्हसी हा मूलभूत अधिकार मानला, आणि त्यात म्हटलं की माणसाचा लैंगिक कल हा प्रायव्हसीचा गाभ्यातला भाग आहे. म्हणजे क्रम बघा. आधी न सांगण्याचा अधिकार आला, त्याच्या पायावर मग मोकळेपणाने जगण्याचा. मला हा क्रम फार शहाणा वाटतो. ज्याला गप्प राहता येतं त्यालाच बोलता येतं, नाहीतर ते बोलणं जबाब होतं.

माझ्या मैत्रिणीचं यावर म्हणणं असं की अगं पण कुणीच सांगितलं नाही तर पोरांना दिसणार कसं, शाळेतल्या मुलाला आपल्यासारखं कुणीतरी मोठं झालेलं, नोकरी करणारं, सुखात असलेलं दिसायला नको का? हवं. शंभर टक्के हवं. बिंदुमाधव खिऱ्यांसारखी माणसं स्वतःच्या नावाने मराठीत उघडपणे लिहीत आली म्हणून कित्येकांना पहिल्यांदा आपल्या भाषेत आपल्याबद्दल वाचायला मिळालं. पण ते त्यांनी स्वतः ठरवून केलं, त्या ठरवण्याची किंमत आहे. ओढून स्टेजवर आणलेल्या माणसाकडे बघून शाळेतला मुलगा धीर धरत नाही, तो एवढंच शिकतो की वही घरी ठेवायची.

मग मराठीत उद्या कुणी अशी कादंबरी लिहिली, नववी-दहावीतल्या दोन मुलांची किंवा दोन मुलींची, गॅदरिंगच्या तालमी, पीटीच्या तासाला मोकळं असलेलं स्टेज, वडापाव, ट्यूशन, व्हॉट्सॲप, सगळं असलेली, आणि लिहायलाच हवी कोणीतरी, 'शाळा'मधल्या मुकुंद जोशीसारखं त्यांनाही कुणीतरी मिळायला हवं, तर त्या लेखकाला पहिल्या मुलाखतीत काय विचाराल? मला भीती आहे की पहिला प्रश्न तोच असेल, 'हा विषय का निवडलात', आणि तोंड हसरं असलं तरी खाली दुसराच प्रश्न असेल. प्रेमकथा लिहिणाऱ्या कुणाला आपण विचारत नाही की हा विषय का निवडलात. त्यापेक्षा विचारा ना की त्या मुलांचं बोलणं एवढं बेगडी का झालंय, आईला एवढी सरधोपट का रंगवलीय, मुलगा गावातला आहे तर त्याच्याकडे एवढा डेटापॅक कुठून आला, शेवटी कुणाला तरी मारलंयच का. झोडपा पुस्तकाला हवं तेवढं. चुकीचं लिहिलं असेल तर चूक पानावर सापडतेच, आणि ज्याने ते जगलंय तो वाचक ती सगळ्यात आधी पकडतो, तोही स्वतःचं नाव न सांगता.

संपादकांनी नव्या पोरांकडून लिहून घ्यावं, जास्त घ्यावं, टोपणनावाने छापायचं म्हणाले तर टोपणनावाने छापावं. आपल्याकडे टोपणनावाने लिहिणाऱ्यांची काय कमी परंपरा आहे, कुणाला त्यात खोटेपणा वाटला नाही कधी.

हल्ली मी आमच्या भागातल्या मुलांची नाटकं बसवायला मदत करते, पगारी नाही, आवड म्हणून. यंदा आठवीतल्या एका मुलीने राजाचं काम मागितलं. राणीचं होतं शिल्लक, तिला नको होतं, राजाचंच हवं होतं, आणि राणीला कोण आहे हे तिने आधी विचारून घेतलं होतं. माझ्याबरोबर असणाऱ्या ताई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, अहो पण तिला राजाचंच का हवंय, विचारलंत का?

मी म्हटलं, ताई, तिची सगळी वाक्यं पाठ आहेत.

उद्यापासून तलवार घेऊन तालीम आहे.